कण डोंगराचा की आपला

प्रिय बारक्या,

तुझं पोट सुटलं, टक्कल पडलं, कारखान्यातली माणसं तुला 'साहेब' म्हणतात, तरी पत्राच्या वर मी हेच लिहिणार. दुसरं काही लिहायला गेले की कुणा परक्याला अर्ज करतेय असं वाटतं. रविवारी तू फोनवर भरपूर बोललास. लेकीची परीक्षा, गच्चीतली गळती, नव्या कॉम्प्रेसरच्या आवाजावरून शेजाऱ्यांशी झालेली हुज्जत. मी मध्ये मध्ये मुद्दाम गप्प राहिले, म्हटलं आता तरी विषय काढशील. तू ती जागा पुन्हा कॉम्प्रेसरनं भरून काढलीस. म्हणून कागद घेऊन बसलेय. कागदावर तुला 'ताई, आवाज तुटतोय गं' म्हणता येत नाही.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. आमच्या समितीचे अध्यक्ष कारखान्यात येऊन गेले आणि तू त्यांना त्या पात्याबद्दल सगळं सांगितलंस, हे मला कळलंय. त्याबद्दल मी रागावलेली नाही. म्हणजे रागावलेय, पण तुला वाटतंय त्या गोष्टीसाठी नाही. ते पुढे येईल. तोवर चहा घेऊन बस, आणि पत्र बायकोच्या हातात देऊन 'काय लिहिलंय ते थोडक्यात सांग' म्हणू नकोस. शाळेपासूनची तुझी खोड आहे ती. धडे मी वाचायचे आणि गोष्ट तू ऐकायचीस.

त्या कणाबद्दल मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू एकदाच विचारलं होतंस, 'सोनंबिनं आहे का गं त्यात?' मी नाही म्हटलं आणि तुझा चेहराच उतरला. तर आता ऐक. तो दगड मी डोंगरावरून आणला तेव्हा आमच्या संस्थेची करवत बंद होती. मोटर जळली होती, दुरुस्तीला गेली होती, आणि दुरुस्तीला गेलेली वस्तू आमच्याकडे परत येते तेव्हा ती पाठवणारा माणूस निवृत्त झालेला असतो. मला धीर निघेना. काळपट हिरवा, हातात घेतला की मनगट खाली ओढणारा दगड. पृथ्वीच्या फार खोल पोटातून वर ढकलला गेलेला. जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन मी बसनं तुझ्याकडे आले. दारात तुझी बायको म्हणाली, 'ताई, एवढ्या जपून तर तुम्ही भाचीलाही कधी घेतलं नाहीत.' खरंच होतं ते. भाची वळवळायची, दगड शांत होता.

तू दगड पाहिलास, बोटाच्या सांध्यानं ठोकलास, 'बरा कडक आहे' म्हणालास आणि करवतीचं पातं उतरवायला सांगितलंस. फोरमनकाका म्हणाले, 'साहेब, ह्याला नवीन कशाला? कालचंच चालतंय की.' तू म्हणालास, 'ताईचा दगड आहे.' एवढंच. मला ते ऐकून बरं वाटलं होतं, हेही सांगते. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत होते. पातं फिरायला लागलं, पाणी उडायला लागलं, आणि तुझ्या कारखान्याचा तो वास आला, गरम लोखंड आणि ओल्या धुळीचा. आपलं सगळं लहानपण त्या वासात गेलं. बाबा घरी आले की आई त्यांना दारातच शर्ट झटकायला लावायची, तरी ती राखाडी धूळ उशांच्या अभ्र्यांपर्यंत पोचायचीच. करवतीचे दात आणि ड्रिलची टोकं ज्याची करतात, त्या टंगस्टन कार्बाइडची धूळ. दुसऱ्या पोरांना अंगणातली माती चिकटायची, आपल्याला ही.

तुला आठवतं का, बाबा ती पावडर तळहातावर घेऊन कशी दाखवायचे ते? राखेसारखी दिसायची आणि वजन मात्र शिशाला लाजवेल असं. पाहुणा आला, चहा झाला की बाबा हमखास हात पुढे करायचे. 'ही डोंगरात मिळत नाही. ही देवानं केलेली नाही. ही आम्ही करतो.' मग एकेक सांगायचे. टंगस्टनमध्ये काजळी मिसळायची, भट्टीत तापवायची, की कार्बाइड तयार. मग त्यात कोबाल्ट घालायचं, साच्यात दाबायचं, पुन्हा भाजायचं. कोबाल्ट म्हणजे विटांमधलं सिमेंट. ते नसेल तर दाणे एकमेकांना धरत नाहीत. पाहुण्यांना काय कळायचं कुणास ठाऊक, पण मला कळायचं. मी मोठी होते, हुशार होते, आणि भट्टीपाशी उभं राहायला मला फार आवडायचं. एक दिवस म्हटलं, बाबा, मला शिकवा. ते म्हणाले, 'तुझी वेणी पट्ट्यात अडकेल.' दुसऱ्या दिवशी मी वेणी कापून कारखान्यात हजर. बाबा पोट धरून हसले. फोरमनकाका हसले. आणि तरी उत्तर नाहीच होतं. तुला तेव्हा भट्टीत आणि बंबात फरक कळत नव्हता, पण कारखाना तुझा होणार हे ठरलेलं होतं. त्याची तक्रार नाही माझी. तू तो उत्तम चालवलास. कारखाना मिळाला नाही म्हणून मी दगडांकडे गेले, असं आपले नातेवाईक अजून म्हणतात. बाबा तर म्हणायचे, 'दगड फोडायला एवढं शिकायला लागतं होय?' म्हणू देत. मी दगडांकडे गेले कारण मला दगड आवडले.

असो. दगडाच्या चकत्या घेऊन मी परत गेले, त्यातली एक आरशासारखी पॉलिश केली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. दगडातल्या एका काळ्या खनिजाच्या मधोमध एक पांढराशुभ्र ठिपका चमकत होता. केसाच्या जाडीहूनही लहान. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो इथे लिहिण्यासारखा नाही. कारण ती चमक मी ओळखली. जन्मभर पाहिलेली होती. म्हटलं, घ्या, बारक्याच्या कारखान्याचा कचरा आलाय माझ्याबरोबर. मी ती चकती पुन्हा घासली, धुतली, पुन्हा पॉलिश केली. वर चिकटलेला कचरा असता तर निघून गेला असता. ठिपका तिथंच. थोडा मोठाच दिसायला लागला, जणू आतून वर येतोय. मग मशीनवर तपासला. टंगस्टन आणि कार्बन, जेवढ्यास तेवढे. अगदी किंचित क्रोमियम. आणि कोबाल्ट? नाही. औषधालाही नाही.

दुसरी कुणी असती तर तिला त्याचं काही वाटलं नसतं. पण आपल्या घरात वाढलेल्या मुलीला बिनकोबाल्टचं कार्बाइड म्हणजे कुणी बनवलेलंच नाही असं कार्बाइड. मी खुर्चीवरून उठले आणि प्रयोगशाळेत गोल गोल फिरले. झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, 'बाई, काही चावलं का?' हे खनिज निसर्गात सापडल्याचे दावे जगात बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे हाच संशय लागलेला असतो: ड्रिलचं टोक असेल, करवतीचा दात असेल, दगड दळायच्या यंत्राची कड असेल. माणसानं ही गोष्ट इतकी बनवली आणि इतकी सगळीकडे पसरवली, की आता डोंगरानं बनवलेली समोर आली तरी पुरावा आधी डोंगराकडेच मागतात. माझ्याकडे तो पुरावा होता. कोबाल्ट नव्हतं, आणि क्रोमियम होतं, जे त्या काळ्या खनिजात भरपूर असतं. मी दावा लिहिला आणि असे दावे तपासणाऱ्या आमच्या संस्थेच्या समितीकडे पाठवला.

समितीचे अध्यक्ष म्हणजे आमचे मऊसाहेब. हे नाव आम्हीच पाठीमागे ठेवलंय. माणूस सज्जन, अभ्यास दांडगा, पण सगळं इतकं मऊ बोलतात की आपला दावा फेटाळलाय हे घरी पोचल्यावर कळतं. त्यांनी माझा दावा वाचला आणि माझ्या पाठीमागे नाही, मला सांगून, रीतसर चौकशी करायची ठरवली. दगड कुठे कापला? भावाच्या कारखान्यात. भाऊ काय बनवतो? मी सांगितलं. एक सभासद तर चक्क खिडकीबाहेर बघायला लागले, सासरी काही भलतंच घडल्यावर पाहुणे बघतात तसे. मी म्हटलं, 'लपवायचं काय त्यात? पातं कार्बाइडचं होतं, मी दाव्यातच लिहिलंय. पण त्या पात्यात कोबाल्ट असतं. ह्या कणात नाही.' मऊसाहेब म्हणाले, 'हो, हो. तेवढी एक खातरी करून घेतो.' आणि ते तुझ्याकडे आले.

गेल्या बैठकीत त्यांनी मला समोर बसवून जे सांगितलं, ते मी तुझ्या तोंडून ऐकायला हवं होतं. तू त्या सुमारास कोबाल्ट न घालता कार्बाइड दाबून भाजायचा प्रयोग करत होतास. दाणे फार वाढू नयेत म्हणून त्यात चिमूटभर क्रोमियम घालायचास. त्या पावडरचे दात लावलेलं एकच पातं तू केलं होतंस. ठिसूळ निघालं, दात उडाले, पातं भंगारात गेलं, प्रयोग बंद. पण भंगारात जाण्याआधी त्या पात्यानं एकच दगड कापला होता. माझा.

मऊसाहेब हे सांगत होते आणि मला फोरमनकाकांचं 'कालचंच चालतंय की' ऐकू येत होतं. बारक्या, दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला तू कालचंच पातं लावलं असतंस. त्यात कोबाल्ट होतं. मग आज कुणाला तोंड उघडायला जागाच राहिली नसती. कणात कोबाल्ट नाही, पात्यात आहे, विषय संपला. पण बहिणीचा दगड आला आणि तू घरातली सगळ्यात भारी, सगळ्यात नवी वस्तू काढून लावलीस. मी त्या खोलीत हसले. खरंच हसले. मऊसाहेब घाबरले, पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांना वाटलं धक्का बसला. मी म्हटलं, 'तसं नाही हो. आमच्या घरात लाड करायची पद्धतच अशी आहे.'

मग त्यांनी त्यांचं मऊ बोलणं सुरू केलं. कण दगडाच्या आत आहे हे त्यांना मान्य, पण शेजारी एक बारीकशी रेष दिसते, कदाचित भेग असेल, कदाचित कापताना तुकडा तिथे दाबला गेला असेल. ती रेष त्यांना दिसते, मला दिसत नाही, आणि मायक्रोस्कोप एकच आहे. आता सिद्ध काहीच होण्यासारखं नाही, म्हणाले. तेव्हा मी आपणहून दावा मागे घ्यावा. दावा फेटाळला असं कुठेही येणार नाही. माझी इतक्या वर्षांची नोकरी, पुढच्या वर्षी निवृत्ती, सगळ्यांना आदर आहे. 'मॅडम, मानानं बाहेर पडता येईल असं एक दार आम्ही उघडं ठेवलंय.' मी म्हटलं, 'लावून घ्या ते. वारा येतो.'

हे मी चिडून बोलले नाही. विचार करून बोलले. दुसऱ्या दिवशी तुझ्या बायकोचा फोन आला, तेव्हाही तेच बोलले. ती बिचारी फार काळजीनं बोलत होती. 'ताई, सोडून द्या ना. एवढ्याशा कणासाठी ह्या वयात कशाला मनस्ताप? तो डोळ्यालाही दिसत नाही.' मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याच्या कारखान्यातला प्रत्येक दाणा डोळ्याला न दिसणाराच आहे, त्यावर तुमचं घर उभं आहे. ती म्हणाली, 'तुम्ही दोघं भावंडं अगदी सारखी. ते पण इथं जेवत नाहीयेत नीट.' तेव्हा मला पहिल्यांदा तुझी काळजी वाटली आणि पहिल्यांदा शंकाही आली. खरं बोलून मोकळा झालेला माणूस जेवण टाकत नाही. निदान तू तरी नाही.

आता माझं म्हणणं नीट ऐक, कारण घरात, संस्थेत सगळ्यांनी मला हट्टी ठरवून टाकलंय. तो कण डोंगराचाच आहे असं मी म्हणत नाही. आधी म्हणत होते, आता म्हणत नाही. तू मऊसाहेबांना जे सांगितलंस त्यानं माझे दोन्ही आधार गेले, कोबाल्टचा आणि क्रोमियमचा, एका फटक्यात. हे मी बैठकीतच मान्य केलं. पण म्हणून तो तुझ्या पात्याचा आहे, हे तरी कुठे कळलंय? ते कुणालाच कळलेलं नाही. आणि कळलेलं नसताना 'मागे घेते' म्हणायचं म्हणजे कळून घ्यायचं नाही असं सही करून द्यायचं. मला हरायला येतं, बारक्या. आमच्या धंद्यात हरल्याशिवाय दिवस जात नाही. दहा दगड आणावेत आणि दहाही रिकामे निघावेत, हेच माझं पोटापाण्याचं काम. पण खेळ संपायच्या आत पट उचलून 'चला, बरोबरी' म्हणणाऱ्या माणसांची मला लहानपणापासून चीड आहे. तू कॅरम हरायला लागलास की दिवा घालवायचास, तेव्हा मी अंधारात तुझा कान कसा बरोबर शोधायचे, विसरला नसशील.

आणि मला कळून घ्यायचंय ते माझ्या नावासाठी नाही. नाव पुढच्या वर्षी दारावरच्या पाटीवरून निघणारच आहे, त्यासाठी स्क्रू ड्रायव्हर पुरेल. मला कळून घ्यायचंय कारण बाबा आयुष्यभर एक वाक्य ठामपणे बोलत आले आणि ते खरं की खोटं हे ठरवायची संधी त्यांच्याच मुलीच्या मायक्रोस्कोपखाली आलीय. ही डोंगरात मिळत नाही. मिळते का? नुसतं 'कदाचित' म्हणून मी ही खुर्ची सोडणार नाही. बाबांचं वाक्य खरं निघालं तरी चालेल. ते बरोबर होते हे सांगायला मला कमीपणा वाटणार नाही, पण ते मी तपासून सांगेन, दमून नाही.

तपासायचा मार्ग आहे, आणि तो मी मऊसाहेबांसमोर मांडला. कार्बनमध्ये हलके आणि जड असे दोन तऱ्हेचे अणू असतात. ज्या काजळीपासून पावडर केली तिचं प्रमाण वेगळं, डोंगराच्या पोटातल्या कार्बनचं वेगळं. त्यातही प्रत्येक पावडरचं स्वतःचं असं काहीतरी असतंच, किंचित हे, किंचित ते. कणाची तपासणी करायची, तुझ्या त्या बिनकोबाल्टच्या पावडरची करायची, आणि दोन्ही शेजारी ठेवायच्या. जुळलं तर जुळलं. अडचण एवढीच, की ह्या तपासणीत कणावर झोत मारून त्याचा थोडा भाग उडवावा लागतो, आणि आधीच्या तपासण्यांत तो इतका खरवडला गेलाय की आता एकदाच मारा करता येईल. त्यानंतर कण संपला. म्हणजे पुन्हा 'चला, अजून एकदा बघू' नाही. आणि तुलनेला पावडर नसेल तर तो एक माराही वाया. मऊसाहेब सगळं ऐकून म्हणाले, 'कल्पना उत्तम आहे, मॅडम. पण पावडर कुठाय? तुमच्या बंधूंना मी विचारलं होतं. त्या प्रयोगातलं काहीच शिल्लक नाही म्हणाले. पातं भंगारात गेलं आणि पावडर संपली.'

इथे मी रागावले.

मऊसाहेबांवर नाही. त्यांना काय माहीत? ते आयुष्यभर कागदपत्रांत राहिले. पण मी त्या कारखान्याच्या स्टुलावर मोठी झालेय. आपल्याकडे घाणा कुठलाही असो, चांगला, बिघडलेला, नुसता गंमत म्हणून केलेला, भट्टीत घालायच्या आधी त्यातली चिमूटभर पावडर काचेच्या बाटलीत काढून ठेवतात. बाबांनी लावलेली ही शिस्त. एखाद्याचं टोक मोडलं, तक्रार आली, की बाटली काढून बघायची चूक कुणाची. तू तर बाबांच्याही वरताण. मागच्या खोलीतलं ते कपाट भरलं म्हणून तू दुसरं केलंस. तुझी बायको त्याला 'लोणच्याचं कपाट' म्हणते. फसलेल्या घाण्याच्या बाटल्या तर तू चांगल्यांच्या पुढे ठेवतोस, रोज डोळ्यांसमोर असाव्यात म्हणून. आणि इतका नवा, इतका लाडका प्रयोग, त्याचीच बाटली नाही? हे तू मऊसाहेबांना सांगू शकतोस, मला नाही. समितीतल्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला खोटारडा म्हटलं असतं. तुला काय म्हणू? तू पात्याबद्दल खरं बोललास, कारण खोटं बोलणं तुला जमत नाही. आणि मग ते खरं माझ्या अंगावर पूर्ण पडू नये म्हणून लगेच पावडरीबद्दल खोटं बोललास. म्हणजे ताई हरलीही नाही, जिंकलीही नाही. मधल्यामध्ये मानानं घरी गेली. उद्या कुणी विचारलं तर 'सिद्ध झालं नाही' असं म्हणायची सोय. तू पुन्हा एकदा घरातली सगळ्यात भारी वस्तू काढून माझ्यासाठी लावलीस, आणि ह्या खेपेला ती तुझा शब्द होती. त्या दिवसापासून तू नीट जेवत नाहीस, कारण तुझ्या अंगी खोटं लागत नाही. रविवारचा कॉम्प्रेसर मला आता समजतो.

म्हणून हे पत्र. मी दावा मागे घेतलेला नाही आणि घेणार नाही, हे समितीला कळवलंय. पावडर मिळेपर्यंत प्रकरण उघडं ठेवा, एवढंच मागितलं, आणि त्यांनी ह्या महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलंय. तर कपाट उघड. ती बाटली काढ, टाळाटाळ पुरे झाली. चिमूटभर पावडर स्वच्छ काचेत भर, कारखान्यात नाही, घरी, हात धुऊन. आणि ती माझ्याकडे पाठवू नकोस. सरळ मऊसाहेबांकडे पाठव, म्हणजे मी मध्ये हात घातला असं म्हणायला कुणाला जागा राहणार नाही. 'शोधल्यावर सापडली' एवढंच लिही. ते मऊ आहेत, पुढे विचारणार नाहीत, आणि माझ्याकडून त्यांना काही कळणार नाही. तपासणीला मी स्वतः मशीनपाशी उभी राहणार आहे. कण तुझ्या भट्टीचा निघाला तर 'हे कार्बाइड माझ्या भावाच्या कारखान्यातलं आहे' हे वाक्य माझ्या हातानं लिहीन, खाली सही करीन, आणि मान ताठ ठेवून जिना उतरीन. डोंगराचा निघाला तर तुलाच आधी फोन करीन, आणि त्या दिवशी तू कॉम्प्रेसरबद्दल अवाक्षर काढायचं नाहीस. दोन्हीपैकी काही निघो, मला झेपेल. मला झेपणार नाही असं परस्पर ठरवायचा हक्क तुला कुणी दिला? धाकटा आहेस, धाकट्यासारखा राहा. मला सांभाळू नकोस, बारक्या. पावडर पाठव.

तुझीच, आणि तुझ्यापेक्षा मोठीच,
ताई